सुट्टी रविवारी आली तर?

नवे वर्ष लागले की मराठी घरात पहिले काम होते ते भिंतीवर लावलेले कॅलेंडर एकदा शेवटपर्यंत उलटून पाहण्याचे. संकष्टी, एकादशी, दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख हे विषय नंतरचे. आधी शोध सुरू होतो तो तांबड्या आकड्यांचा. कोणती सुट्टी शनिवारला लागून आली, कोणती सोमवारी पडली, याचा हिशेब काही मिनिटांत पूर्ण होतो; आणि त्याच वेळी घरातील कर्त्या नोकरदाराच्या तोंडून एक खोल उसासाही बाहेर पडतो. कारण एखादी हक्काची सुट्टी नेमकी रविवारी येऊन वाया गेलेली असते.

2025 हे वर्ष या दृष्टीने विशेष निर्दय निघाले. 26 जानेवारीला रविवार होता. त्या धक्क्यातून सावरावे तोच 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले. एक सुट्टी रविवारने खाल्ली, दुसरी दसऱ्याने. पुढे 2027 मध्ये 15 ऑगस्टही रविवारीच येणार आहे. ज्यांना भविष्याची चिंता करण्याची सवय आहे त्यांनी ही नोंद आतापासून करून ठेवावी.

बुडालेली सुट्टी सोमवारी का मिळत नाही, याचे उत्तर एका जुन्या कायद्यात सापडते. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी अधिसूचना काढते, तिला आधार असतो तो 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम 25 चा. हा कायदा मुळात हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे, हा त्या कलमाचा मूळ प्रश्न. आणि ‘सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी’ हे त्याचे उत्तर. सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय, हे सांगताना कायद्याने रविवारला त्या व्याख्येतच बसवून टाकले. म्हणजे रविवार ही आधीपासूनच सुट्टी. तिच्यावर दुसरी सुट्टी येऊन पडली तर बेरीज एकच राहते. स्वतंत्र भारताचा स्वातंत्र्यदिन सुट्टीचा ठरतो तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातील हुंडीच्या कायद्याने, ही या देशाच्या इतिहासातील एक मिस्कील नोंद म्हटली पाहिजे.

जपानमध्ये असे होत नाही. तेथे राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली तर बदली सुट्टी देण्याची सोय 1973 पासून आहे. जपानचे नाव येथे सहज आलेले नाही. नागपूरपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीत उभे राहिले की भारताच्या सुट्ट्यांचा हा सगळा गुंता, अगदी जपानसकट, एका नजरेत दिसू लागतो.

कामठीचा जन्मच एका तारखेमुळे झाला. 26 नोव्हेंबर 1817 रोजी सायंकाळी नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवर भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांच्यात लढाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तिचा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. नागपूरवर नजर ठेवायची तर जवळच कायमचा लष्करी तळ हवा, म्हणून 1821 मध्ये कामठीची छावणी वसवण्यात आली. गावाचे नावही ‘कॅम्प’ या शब्दावरून पडले असे येथे सांगितले जाते. मराठीत बोलताना ही छावणी जाणवत नाही. पण रेल्वे स्थानकावरील इंग्रजी पाटी वाचावी, तर नावाच्या पूर्वार्धात तो कॅम्प अजून तळ ठोकून बसलेला दिसतो.

गंमत अशी की, त्याच 26 नोव्हेंबरला, बरोबर 132 वर्षांनी, म्हणजे 1949 मध्ये संविधान सभेने भारताचे संविधान स्वीकारले. ज्या तारखेला नागपूरचे राज्य हातचे जाऊ लागले, त्याच तारखेला सबंध देशाने स्वतःच्या राज्याचा कायदा स्वतः मंजूर केला. हा निव्वळ योगायोग आहे. मात्र संविधान अमलात आणण्यासाठी पुढे दोन महिने थांबून 26 जानेवारी ही तारीख निवडली गेली, तो योगायोग नव्हता.

डिसेंबर 1929 मध्ये लाहोर येथील काँग्रेस अधिवेशनाने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. सर्व देशात त्याची प्रतिज्ञा घेण्यासाठी जानेवारी 1930 चा शेवटचा रविवार ठरवण्यात आला. त्या रविवारी तारीख होती 26. पुढे 1947 पर्यंत स्वातंत्र्याची चळवळ हाच ‘स्वातंत्र्यदिन’ मानत आली. प्रत्यक्ष स्वातंत्र्य ऑगस्टमध्ये मिळाल्यावर ही जुनी तारीख पोरकी होऊ नये, म्हणून 1950 मध्ये तिला प्रजासत्ताकाचा मान मिळाला. तेव्हा 26 जानेवारी रविवारी आली म्हणून खंतावणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की ती मुळात रविवारचीच आहे. ती अधूनमधून माहेरी येते, इतकेच.

आता 15 ऑगस्ट. ही तारीख भारताच्या पंचांगातून आलेली नाही. 1945 मध्ये याच दिवशी जपानच्या सम्राटाने नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली होती. त्या वेळी लॉर्ड माउंटबॅटन आग्नेय आशियातील दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचे सरसेनापती होते. दोन वर्षांनी भारताचे व्हाइसरॉय म्हणून सत्तांतराची तारीख सांगण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या विजयाचा वाढदिवस निवडला. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता. तो दिवस शुभ नाही अशी कुरकुर ज्योतिष्यांनी केली आणि संविधान सभेची बैठक 14 तारखेच्या रात्रीच सुरू झाली, असे सांगतात. दक्षिण कोरियाही 15 ऑगस्टलाच मुक्तिदिन साजरा करतो. जपानमध्ये मात्र त्या दिवशी युद्धात मेलेल्यांचे स्मरण केले जाते.

आणि कामठीत? येथे 1999 मध्ये नोरिको ओगावा या जपानी दातीच्या साहाय्याने उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार आहे. चंदनाची बुद्धमूर्ती, निगुतीने राखलेली बाग आणि आत गेल्यावर आपोआप खाली येणारा आवाज. ज्या देशाच्या पराभवाच्या तारखेला भारत आपला आनंद साजरा करतो, त्याच देशातून आलेले हे शांततेचे दान कामठी वर्षभर सांभाळते. सुट्टीच्या दिवशी नागपूरकर सहकुटुंब येथे येतात, पायऱ्यांवर छायाचित्रे काढतात आणि सावलीत बसून डबे उघडतात. इतिहासाने घातलेली एक गाठ आपण पुरीभाजी खाता खाता सोडवत आहोत, हे त्यांच्या गावीही नसते.

राष्ट्रीय सणाच्या सकाळी शाळेच्या मैदानावर जे घडते, त्याचाही एक धागा कामठीशी जोडलेला आहे. राष्ट्रीय छात्र सेनेची अधिकारी प्रशिक्षण संस्था येथे आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि प्राध्यापक छात्रसेनेचे अधिकारी होण्यासाठी देशभरातून या गावी येतात. एरवी वर्गात ‘शांत बसा’ असे ओरडणारे गुरुजी येथे स्वतःच ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ शिकतात. गार्ड्स ब्रिगेडचे प्रशिक्षण केंद्रही कामठीतच आहे. 1949 मध्ये उभारलेल्या या पलटणीत जात, धर्म किंवा प्रांत न पाहता सर्व देशातून भरती सुरू झाली. भारतीयांवर पहारा ठेवण्यासाठी वसवलेल्या छावणीत साऱ्या भारताची पलटण घडावी, याहून चांगला सूड इतिहासाने क्वचितच घेतला असेल.

झेंडावंदनातील एक बारकावा मात्र मैदानावरील गर्दीच्या सहसा ध्यानात येत नाही. दिल्लीत 15 ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावर ध्वज खालून वर चढवतात, ते ध्वजारोहण. 26 जानेवारीला ध्वज आधीच खांबाच्या टोकाशी बांधलेला असतो आणि राष्ट्रपती तो दोरी ओढून फडकावतात. पहिला दिवस नव्या राष्ट्राच्या उदयाचा, तर दुसरा उभ्या असलेल्या राष्ट्राने कायदा स्वीकारल्याचा, असा हा भेद. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने खरा भेद असतो तो नंतर हातावर पडणाऱ्या खाऊचा. बुंदी आहे की जिलेबी, एवढाच प्रश्न ते सावधान अवस्थेत उभे राहून सोडवत असतात. मोठ्यांचे प्रश्न निराळे. तिन्ही राष्ट्रीय सण मद्यविक्रीला बंदी असलेले दिवस असल्यामुळे, जे गृहस्थ विजेचे बिलसुद्धा मुदतीनंतर भरतात, ते आदल्या संध्याकाळी कमालीची दूरदृष्टी दाखवतात. कर्ज सुट्टीच्या आधीच चुकते करावे, हे कलम 25 चे तत्त्व त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

येथपर्यंत सुट्टीचा विचार झाला तो पगारदारांच्या बाजूने. कामठीला आणखी एक बाजू ठाऊक आहे. हे गाव सैनिकांचे, तसेच विणकरांचे आणि विडी कामगारांचे. तेंदूपत्ता कापायचा, त्यात तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, आणि मजुरी मोजायची ती हजार विड्यांवर. अशा कामात सुट्टी म्हणजे न वळलेल्या विड्या आणि न मिळालेली मजुरी. कॅलेंडरवरील तांबडा आकडा तेथे आनंदाचा रंग घेऊन येत नाही. विडी आणि सिगार कामगारांच्या सुट्ट्या, रजा आणि कामाच्या वेळा यांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो थेट 1966 मध्ये.

या कामगारांना त्याच्या कितीतरी आधी संघटित करणारा माणूस कामठीचाच. 6 जानेवारी 1904 रोजी जन्मलेले हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन. त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक काढले, वाचनालय उघडले आणि विडी मजुरांचा संघ उभारला. 7 मे 1932 रोजी कामठीत भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावी आले होते. 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून बाबू हरदास मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले. 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशी नुकतीच गाठली होती.

इतक्या लहान आयुष्यात त्यांनी देशाला एक अभिवादन दिले. ‘जय भीम’ हे त्यांनीच रूढ केले. कामठीच्या गल्ल्यांत रोज कानी पडणारे ‘सलाम अलेकुम’ आणि त्याला येणारे ‘वालेकुम सलाम’ ऐकून आपल्याही लोकांना परस्परांना भेटताना स्वाभिमानाचा एक शब्द हवा असे त्यांना वाटले, अशी हकिकत सांगतात. ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर द्यावे, अशी त्यांची मूळ कल्पना होती. लोकांनी दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’ हेच पसंत केले. शब्द टाकसाळीतून बाहेर पडला की तो कसा चालवायचा हे बाजारच ठरवतो.

बाबू हरदासांच्या जन्मदिनी अथवा स्मृतिदिनी कोणत्याही अधिसूचनेने सार्वजनिक सुट्टी दिलेली नाही. तरीही जानेवारीत कन्हानच्या काठी त्यांच्या समाधीवर माणसे येतात. हजेरीपटाची सक्ती नसते, खाऊचे आमिष नसते. जो रोजंदारीवर आहे तो आपला रोज बुडवून येतो. पगारी सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपणे आणि बिनपगारी दिवशी पहाटे उठून नदीकाठ गाठणे, यांतील कोणत्या दिवसाला सण म्हणावे, हे ठरवण्यासाठी फारशा विद्वत्तेची गरज नाही.

राहता राहिला तो रविवार, ज्याच्या नावाने वर्षभर बोटे मोडली जातात. तोही फुकट मिळालेला नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली आणि आठवड्याच्या एका सुट्टीसाठी सहा वर्षे पाठपुरावा केला. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे चाळीस वर्षांनी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घ्यायला लोक जमले तेही एका रविवारीच. 14 ऑक्टोबर 1956 रोजी विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशीही रविवार होता. एका अर्थाने तेव्हाही रविवारने दसऱ्याची सुट्टी खाल्लीच. मात्र त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. लोकांना त्या दिवशी काम होते.

तेव्हा 2027 मध्ये 15 ऑगस्ट रविवारी येईल त्या सकाळी सुट्टी बुडाली असे मानण्याचे कारण नाही. रविवार लोखंड्यांनी मिळवला, 15 ऑगस्ट आणखी कितीजणांनी. त्या दिवशी दोन्ही कमाया एकाच घरी येणार आहेत. त्याउपर चुटपुट राहिलीच, तर गाडी काढून कामठीला जावे. झेंडावंदन सकाळी लवकर आटोपते, ड्रॅगन पॅलेसची बाग मोठी आहे आणि ऑगस्टात कन्हानला पाणीही असते.