नदीकाठची अठरा मिनिटं

अठरा मिनिटांचं रॉक गाणं ही कल्पनाच अनेकांना उधळपट्टी वाटते. तीन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट इतकी ताणायची कशाला? सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये बहरलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉकवर हा आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला, आणि त्या प्रवाहातल्या बऱ्याच रचनांच्या बाबतीत तो रास्तही आहे. ‘येस’ या बँडची ‘क्लोज टू द एज’ ही १९७२ची रचना मात्र या आक्षेपाला पुरून उरते. तिला जे सांगायचं आहे ते कमी वेळात सांगताच येत नाही, असं माझं म्हणणं आहे आणि त्याचा पुरावा तिच्या बांधणीतच सापडतो.

लांबीची सोय आधी तंत्राने करून दिली. १९४८मध्ये एलपी बाजारात आली आणि तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं सलग संगीत मावू लागलं. साठचं दशक संपता संपता रॉक बँड त्या अख्ख्या बाजूचा एकसंध विचार करू लागले. ‘क्लोज टू द एज’ने अल्बमची पूर्ण पहिली बाजू व्यापली. गायक जॉन अँडरसन, गिटारवर स्टीव्ह हाऊ, बास गिटारवर ख्रिस स्क्वायर, कीबोर्डवर रिक वेकमन आणि ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड या पाच जणांनी लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डबरोबर ती घडवली. पद्धत अतिशय किचकट होती. काही मिनिटांचा तुकडा बसवायचा, त्यावर वाद घालायचे, तो मुद्रित करायचा, मग पुढच्या तुकड्याला हात घालायचा आणि शेवटी टेप कापून सारे तुकडे जोडायचे. ब्रुफर्डला या पद्धतीचा इतका वीट आला की काम संपताच तो ‘किंग क्रिमसन’मध्ये निघून गेला.

या खटाटोपामागची प्रेरणा एका कादंबरीतून आली होती. हेर्मान हेसेची ‘सिद्धार्थ’ १९२२मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाली. हेसेचे आजोबा हेर्मान गुंडर्ट मलबारातले मिशनरी आणि मल्याळमचे मोठे कोशकार. हेसेच्या आईचा जन्मही तिथलाच, थलश्शेरीचा. या कादंबरीचा नायक म्हणजे गौतम बुद्ध नव्हे, बुद्धाच्या काळातला एक ब्राह्मणपुत्र. तो घर सोडतो, श्रमणांबरोबर राहतो, बुद्धाला भेटूनही त्याचा शिष्य होत नाही, पुढे शहरात पैसा आणि विलासात रुततो. शेवटी स्वतःचीच किळस येऊन जीव द्यायला तो नदीच्या काठावर येतो आणि तिथे त्याच्या आतून ॐकार उमटतो. मग वासुदेव नावाच्या नावाड्याजवळ राहून तो नदी ऐकायला शिकतो. उगमापाशी, मुखापाशी, सगळीकडे नदी एकाच वेळी असते आणि तिच्यात असंख्य आवाज एकत्र नांदतात, हे त्याला कळतं.

‘येस’ने ही कथा गाऊन सांगितलेली नाही. त्यांनी नदीचे हे दोन गुण संगीताच्या रचनेत उतरवले. सुरुवातीला वाहतं पाणी आणि पाखरांचे आवाज हळूहळू जवळ येतात. अचानक गिटार, बास आणि ड्रम्स एकमेकांची पर्वा न करता धावू लागतात आणि मध्येच एका सामूहिक स्वरावर खाडकन थांबतात. या कल्लोळातून गिटारवर एक स्वच्छ धून उमटते आणि गायन सुरू होतं. दुसऱ्या भागात कडव्याची चाल ओळखीचीच राहते, पण तिच्याखालची लय बदललेली असते. तिसऱ्या भागात ड्रम्स थांबतात. अँडरसन एक संथ चाल गातो, तर हाऊ आणि स्क्वायर त्याच वेळी वेगळे शब्द वेगळ्या सुरावटीत गातात. अनेक आवाज एकत्र नांदणं म्हणजे काय, ते इथे कानाला कळतं. त्यानंतर लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये मुद्रित केलेला पाइप ऑर्गन सारा अवकाश भरून टाकतो. पुढे आरंभीचा कल्लोळ परततो. चौथ्या भागात पहिल्या कडव्याची चाल येते, तिसऱ्या भागातली संथ ओळ आता पूर्ण बँडच्या ताकदीने उसळते आणि शेवटी पुन्हा पाणी, पाखरं.

लांबीचं समर्थन या परतण्यात आहे. विलंबित ख्यालात आवर्तनामागून आवर्तन मुखडा तोच येतो, पण मधल्या बढतीमुळे समेवर पोचताना त्याचं वजन वेगळं झालेलं असतं. इथेही चाल तीच असते. मधल्या मिनिटांनी श्रोत्याला बदललेलं असतं. नदीकाठी परतलेला सिद्धार्थही असाच बदललेला आहे. तीन मिनिटांच्या गाण्यात ध्रुवपद परत येतं तेव्हा ते विसरायलाच वेळ मिळालेला नसतो, म्हणून ते पुन्हा गवसल्याचा अनुभवही मिळत नाही.

तुकडे जोडून केलेली रचना एकसंध कशी म्हणायची, असं कुणी विचारेल. हा प्रश्न रंगमंचाने निकालात काढला. ब्रुफर्डच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला घेऊन बँडने ही संपूर्ण रचना मैफलीत सलग वाजवली आणि १९७३च्या ‘येससाँग्ज’ या अल्बममध्ये ती ऐकायला मिळते. अँडरसनचे शब्द दुर्बोध आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. कागदावर ते फारसे टिकत नाहीत. पण त्यांनी कथा सांगावी अशी अपेक्षाच इथे चुकीची आहे. अर्थाचा भार चालींच्या येण्याजाण्यावर आहे आणि शब्द नादासाठी निवडलेले आहेत. पौर्वात्य अध्यात्माची ही उसनवारी आहे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. हेसेचा भारत बराचसा कल्पनेतला आहे, यात शंका नाही. तरी रचनेच्या परमोच्च क्षणी या इंग्रज मुलांनी भारतीय वाद्याचा आधार घेतला नाही, ते स्वतःच्या शहरातल्या चर्चच्या ऑर्गनकडे वळले. नदीकाठच्या साक्षात्काराला त्यांनी आपल्या परंपरेतला पवित्र नाद शोधला. याला नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे.

लांबी आपोआप सखोलता देत नाही, हे ‘येस’नेच १९७३मध्ये दाखवून दिलं. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून त्यांनी ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा चार बाजूंचा, ऐंशी मिनिटांचा अल्बम केला. त्यात सुंदर जागा आहेत, पण परतलेल्या चालीत दरवेळी नवा अर्थ भरत नाही. वेकमनला तो पसरट वाटला आणि १९७४मध्ये त्याने बँड सोडला. अल्बमभर पसरलेल्या या ऐसपैसपणाशेजारी ‘क्लोज टू द एज’ची शिस्त अधिकच उठून दिसते. ज्यांना हा युक्तिवाद पटत नसेल त्यांनी तो पडताळून पाहावा: आधी शेवटची साडेचार मिनिटं तेवढीच ऐकावीत, नंतर संपूर्ण रचना सलग ऐकावी. पहिल्या वेळी एक दमदार शेवट ऐकू येईल. दुसऱ्या वेळी तोच शेवट इतका भारावून का टाकतो, याचं उत्तर आधीच्या चौदा मिनिटांत मिळेल, आणि त्यातलं एकही मिनिट वगळावंसं वाटणार नाही.