उधारीची दुसरी वही

सरकारचा अर्थसंकल्प ही रयतेच्या पैशाची खातेवही होय. तींत रकमा किती हें सर्वच पाहतात. त्या कोणत्या सदरीं मांडल्या हें फार थोडे पाहतात. 2016-17 पासून केंद्र सरकारनें भारतीय अन्न महामंडळास धान्य-अनुदानाची पुरी रक्कम न देतां उरलेल्या भागापोटीं अल्पबचत निधींतून कर्ज देवविलें. कर्ज महामंडळाच्या नांवें पडलें, आणि सरकारची तूट तेवढी लहान दिसली! आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कोणी मुनिमाच्या नांवें हुंडी काढून आपली वही कोरी दाखविली, तर बाजारांत त्याची पत किती दिवस टिकेल? महालेखापरीक्षकांनीं या रीतीवर बोट ठेविलें. तरी ती चालूच राहिली. अखेर फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पांत हें देणें उघड मांडलें गेलें, आणि 2020-21 चें अन्न-अनुदान 1,15,570 कोटींवरून सुधारित अंदाजांत 4,22,618 कोटींवर गेलें. त्यांत कोरोनाकाळच्या मोफत धान्याचा खर्च होता हें खरें. पण जुन्या कर्जाची फेडही होती. या दुरुस्तीचें श्रेय आम्ही सरकारास मोकळ्या मनानें देतों. मात्र महामंडळांच्या नांवें काढलेलें, पण सरकारी तिजोरींतून फेडावयाचें प्रत्येक कर्ज परिशिष्टाच्या कोपऱ्यांत नव्हे, तर तुटीच्या आंकड्याशेजारींच छापावें, असें आमचें मागणें आहे.