‘सपोर्ट’ला मराठीत काय म्हणाल?

परीक्षेचे पेपर तपासणे हे काम कंटाळवाणे खरे. पण अधूनमधून त्यात एखादे रत्न हाती लागते आणि सारा शीण जातो. गेल्या सत्रात व्यावहारिक मराठीच्या पेपरात मी अनुवादासाठी एक साधे इंग्रजी वाक्य घातले होते. एक मुलगा नोकरी करून आपल्या म्हाताऱ्या आईला सांभाळतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘सांभाळतो’च्या जागी इंग्रजीत ‘सपोर्ट’ हे क्रियापद होते. एका पठ्ठ्याने लिहिले : ‘तो नोकरी करून आपल्या म्हाताऱ्या आईला जाहीर पाठिंबा देतो.’

मी पोटभर हसलो. घरात वाचून दाखवले, तेव्हा सौ.ही हसली. मग सहज म्हणाली, “पण मग ‘सपोर्ट’ला मराठी शब्द कोणता?”

वर्गात खडू उचलावा तसा माझा हात वर गेला आणि तसाच राहिला. कारण मराठीत त्याला एक शब्द नाही; चांगले डझनभर आहेत. कललेल्या भिंतीला देतात तो टेकू. उमेदवाराला मिळतो तो पाठिंबा, पण ठरावाला मिळते ते अनुमोदन. बातमीला हवा दुजोरा आणि विधानाला हवी पुष्टी. म्हातारपणी लागते ती काठी. मग ती लाकडाची असो की मुलाच्या रूपाने असो. टाकलेल्या बायकोला कोर्ट मिळवून देते ती पोटगी. ह्या सगळ्या कुलपांना इंग्रज मात्र एकच किल्ली लावतो!

ह्या किल्लीचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे. स्टेशनावरचा पोर्टर ह्याच धातूच्या घराण्यातला. तेव्हा सपोर्ट म्हणजे ओझ्याखाली जाऊन ते वाहणे; थोडक्यात, हमाली!

आमचा ‘पाठिंबा’ पाहा. त्यात ‘पाठ’ आहे. पाठीराखा, पाठराखण, नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण, ही सगळी मंडळी मागे उभी राहणारी. ओझ्याखाली शिरलेल्या माणसाला अंग काढून घेणे सोपे नसते. मागे उभा राहिलेला मात्र केव्हाही बाजूला होऊ शकतो. ‘बाहेरून पाठिंबा’ ही आपल्या राजकारणातली चीज तर त्याहूनही हलकी. जुलै १९७९मध्ये चरणसिंग असाच पाठिंबा घेऊन पंतप्रधान झाले. इंदिरा काँग्रेसने तो काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये, लोकसभेला एकदाही सामोरे न जाता, त्यांना राजीनामा द्यावा लागला.

शब्द बदलला की अपेक्षा कशी बदलते, हे शेतकऱ्याला विचारावे. १९६६-६७मध्ये केंद्र सरकारने गव्हाला ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ जाहीर केली. पुढे इतर पिके आली. हिंदीने ह्या शब्दाचे ‘समर्थन मूल्य’ केले, सरकारी मराठीने ‘आधारभूत किंमत’. आमच्या शेतकऱ्याने दोन्ही बाजूला ठेवून ‘हमीभाव’ हा शब्द आपलासा केला. त्याला समर्थन नको होते. हमी हवी होती.

आणि ‘पोटगी’! कायद्यातल्या इंग्रजी ‘मेंटेनन्स’च्या मुळाशी ‘हात’ आहे. हातात धरून ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. आम्ही सरळ पोटालाच हात घातला. कोणाला सांभाळायचे म्हणजे आधी काय करायचे, हे मराठीने लपवून ठेवलेले नाही.

पण ‘सपोर्ट’चा एक अर्थ आपल्या सहसा लक्षात येत नाही. फ्रेंचमध्ये ‘सुपोर्ते’ म्हणजे आजही सोसणे, सहन करणे. जुन्या इंग्रजीतही तो अर्थ होता. असह्य गोष्टीला इंग्रज अजून ‘इन्सपोर्टेबल’ म्हणतो, तो त्याचाच अवशेष. म्हणजे वाहणे आणि सोसणे एकाच शब्दात! हे वाचले आणि मला आमची ताई आठवली.

मी बारावीत असताना वडील गेले. ताई तेव्हा बावीस वर्षांची. दिवसा एका पेढीवर हिशेब लिहायचा आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायच्या, असे तिने सात वर्षे केले. आलेली दोन स्थळे तिने परतवली. माझी एम.ए.पर्यंतची फी तिच्या पर्समधून गेली. कॉलेजच्या अर्जात इंग्रजीत एक रकाना होता : शिक्षणासाठी तुम्हांला सपोर्ट कोणाचा? त्यात मी काकांचे नाव लिहिले. काका सज्जन; पण त्यांचा हात दिवाळीच्या कपड्यांपलीकडे गेला नव्हता. अशा रकान्यात पुरुषाचेच नाव शोभते, अशी माझी तेव्हाची अक्कल.

अर्ज देण्यापूर्वी ताईने तो नेहमीप्रमाणे वरपासून खालपर्यंत वाचला. “अक्षर सुधारलंय हं तुझं,” एवढेच म्हणाली आणि फीचे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

ह्या भाऊबीजेला ती येणार आहे. गुडघे दुखतात म्हणून हल्ली पट्टा बांधते. औषधांच्या दुकानात त्यालाही ‘सपोर्ट’च म्हणतात. ओवाळून झाले की त्या अर्जाचा विषय काढायचा, असे मी ठरवले आहे. तिला आठवत नसेल तर बरेच. आठवत असेल, तर इतकी वर्षे तिने तेही सोसले.

आणि हो, त्या पठ्ठ्याला मी अर्धा गुण वाढवून दिला. अनुवाद चुकला खरा; पण त्याच्या वाक्यातल्या मुलाने निदान पाठिंबा जाहीर तरी केला होता. माझ्याने तेवढेही झाले नव्हते.