टायरवरचे चार आकडे

हे वाचून झालं की एक काम करा. पार्किंगमध्ये जा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि तुमच्या गाडीच्या मागच्या टायरशेजारी उकिडवे बसा. टायरच्या कडेला पुष्कळ काही छापलेलं असतं. कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, बाण, आकडे, अक्षरं. त्या गर्दीत एका लंबगोलात चार आकडे दिसतात का बघा. नाही दिसले तर गाडी जरा पुढे ढकला, चाक फिरू दे. तरीही नाही? मग पलीकडून बघा. बऱ्याचदा ते एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आतल्या अंगाला असते.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वीस वर्षांची होते, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

झालं असं. सेकंड इयरला असताना कॉलेजमधल्या एका सीनियरकडून मी जुनी अ‍ॅक्टिव्हा घेतली. गाडी त्याच्या आजोबांची. आजोबा बँकेत आणि मंडईत जाण्यापुरती ती चालवायचे, नंतर तीही बंद झाली आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. किलोमीटर इतके कमी की मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. ‘टायर बघ ना, नक्षी अख्खी आहे,’ असं तो म्हणाला, आणि खरंच होती. टायर गोटा झाला की बदलायचा, एवढंच आपल्याला माहीत असतं. हा काही गोटा नव्हता. मी बॅटरी बदलली, ऑइल बदललं, सीट कव्हर नवं घातलं (हो, तेसुद्धा) आणि टायरचे पैसे वाचवले.

२०२३ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात पाऊस आला. बहीण मागे बसली होती. म्हात्रे पुलाजवळ पुढची रिक्षा अचानक थांबली, मी ब्रेक दाबला. वेग फार तर तीसचा असेल. गाडी थांबायच्या ऐवजी मागचं चाक डावीकडे निघून गेलं, ओल्या फरशीवरून पाट सरकावा तसं. मला खरचटलं. तिने पडताना हात टेकला आणि मनगट गेलं. दोन आठवड्यांनी तिची प्रवेश परीक्षा होती, ड्रॉइंगचा पेपर असलेली. आमच्या दोघींची हेल्मेट होती म्हणून बाकी काही झालं नाही, हेही सांगून टाकते.

घरी सगळ्यांनी आपापलं निदान केलं. बाबा म्हणाले, ब्रेक हळू दाबायचा. काकू म्हणाली, पावसात गाडी काढायचीच कशाला. मी पावसालाच दोष दिला. मग गॅरेजवाल्या दादांनी मागच्या टायरवर अंगठ्याचं नख रोवायचा प्रयत्न केला. ते रुतेच ना. ‘मॅडम, रबर कुठंय हे, प्लास्टिक झालंय,’ ते म्हणाले आणि टॉर्च मारून मला ते चार आकडे दाखवले. ४०१२.

पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २०१२ सालचा चाळिसावा आठवडा. म्हणजे तो टायर ऑक्टोबर २०१२ मध्ये तयार झाला होता. तेव्हा मी चौथीत होते.

सगळा दोष टायरचा, असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते, रस्ता निसरडा होतोच. ब्रेकही मी घाबरून दाबला होता. पण मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत खाचांत दबून बसतं आणि पकड धरतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता यांनी रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं. गाडी चाललेली असो वा नुसती उभी. नक्षीचं काम वेगळं आहे, टायरखालचं पाणी बाजूला सारायचं. ती झिजते चालवल्याने, रबर म्हातारं होतं वेळेने. त्यामुळे कमी चाललेली जुनी गाडी घेताय, तर टायर जास्त संशयाने बघा. कडेला किंवा नक्षीच्या खाचांत केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर मोह आवरा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढून टाका, असं बऱ्याच टायर कंपन्याच सांगतात.

नक्षी किती उरली हे बघायला पट्टी लागत नाही. टायरच्या कडेला एक छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही तीन अक्षरं असतात. तिथून सरळ वर नक्षीच्या खाचेत बघा, तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा दिसेल. आजूबाजूची नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. दुचाकीसाठी आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. ती कायद्याची शेवटची पायरी. पावसाळा तोंडावर असेल तर मी तिथपर्यंत थांबणार नाही.

आता खरेदी. दुकानात जाण्याआधी साइज लिहून घ्या, फोटो काढलात तर उत्तम. माझ्या गाडीवर होतं ९०/१००-१० ५३जे. वाचायला वाटतं तेवढं अवघड नाही. टायरची रुंदी ९० मिलिमीटर. कडेची उंची रुंदीच्या १०० टक्के, म्हणजे तीही ९०. रिम १० इंचांचं. पुढचा ५३ हा वजनाचा संकेत, हवा योग्य असताना एका टायरने पेलायचं कमाल वजन २०६ किलो. ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. बाबांच्या पिढीच्या चेतकवर हेच ३.५०-१० असं इंचांत लिहिलेलं असायचं. काही गाड्यांना पुढे-मागे एकच साइज असते, बऱ्याच गाड्यांना वेगळी. त्यामुळे ‘अमुक गाडीचा टायर द्या’ एवढ्यावर थांबू नका. त्याच नावाच्या गाडीत मॉडेल बदललं की चाकाची साइजही बदलते.

वजनाचा आणि वेगाचा संकेत कंपनीने दिला त्याहून कमी नको. जास्त चालतो. रुंदी मात्र जास्त चालते का, हा आमच्या कट्ट्यावरचा सनातन वाद. माझ्या एका मित्राने दीडशे सीसीच्या बाइकला मागे १००/९०-१७ च्या जागी १२०/८०-१७ टाकला. दिसायला भारीच. पण रिम तेच राहिलं, त्यामुळे टायर दोन्ही बाजूंनी आवळला गेला आणि मधून फुगला. रुंद टायरचा जो काही फायदा मिळायचा, तो असा अर्धा जातो. वर गाडी वळायला जड झाली, मायलेज पडलं आणि चेन कव्हरला टायर घासायला लागला. कव्हर ठोकून आत घेतलंय आता. त्याला अजूनही वाटतं की वर्थ होतं. मला नाही वाटत.

ट्यूबलेस की ट्यूबवाला, हा प्रश्न तुमचं चाक सोडवतं. अलॉय किंवा ट्यूबलेससाठी बनवलेलं रिम असेल तर ट्यूबलेसच घ्या. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, चालत्या गाडीवर एकदम बसत नाही. साध्या स्पोकच्या चाकात तारांच्या भोकांतून हवा निघून जाते, तिथे ट्यूब हवीच. ट्यूबलेस घेताना वॉल्व्हसुद्धा नवा बसवून घ्या. किंमत किरकोळ असते, पण जुन्या वॉल्व्हचं रबरही टायरएवढंच म्हातारं असतं.

मी बहिणीला घेऊन नाना पेठेत गेले. दुकानदार काकांनी आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागे बघितलं. ‘घरून कोणी आलं नाही का?’ मुलींनो, हा प्रश्न तुम्हालाही येणार आहे, तयारीत राहा. मी साइज सांगितली. त्यांनी टायर समोर टाकला आणि म्हणाले, ‘घेऊन जा डोळे झाकून.’ बहिणीने एका हाताने टॉर्च धरला, मी आकडे शोधले. १८२०. तीन वर्षं जुना. दुकानात तो नवाच, चाकावर कधी चढलेला नाही. सावलीत नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर घ्यायला काहीच हरकत नसते, हे मला तोवर कळलं होतं. पण पैसे तेवढेच द्यायचे तर आयुष्यातली तीन वर्षं आधीच खर्च झालेला टायर का घ्यायचा? ‘काका, या वर्षीचा दाखवा ना.’ काका थोडे वैतागले. मुलगा पोटमाळ्यावर चढला आणि ११२३ घेऊन आला. मार्च महिन्यातला. भावात एका रुपयाचा फरक नव्हता.

त्यानंतर काकांचा सूर बदलला. ‘ग्रिप पाहिजे का लाइफ?’ त्यांनी विचारलं. हा खरा प्रश्न. मऊ रबर धरून ठेवतं पण लवकर झिजतं, कडक रबर जास्त किलोमीटर देतं पण ओल्या रस्त्यावर तेवढं धरत नाही. रोज दीडशे किलोमीटर डिलिव्हरी करणाऱ्याचा हिशोब वेगळा असेल. तुमचं-माझं घर, कॉलेज, क्लास आणि शनिवारी सिंहगड असेल तर ग्रिप सांगा. आयएसआयचा शिक्का बघा, तो आपल्याकडे सक्तीचा आहे. कंपनीबद्दल मात्र मी कट्टर नाही. माहितीतल्या चार-पाच कंपन्यांपैकी कुठलीही घ्या. (सिएटचे दुचाकीचे टायर आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीतही बनतात, एवढीच आपली अस्मिता.) बिल पक्कं मागा, कारखान्याचा दोष निघाला तर त्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

एकाच टायरचे पैसे आहेत? आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं. मग जो जास्त खराब तो आधी बदला. मागचा लवकर झिजतो, कारण जोर आणि वजन दोन्ही त्याच्यावर. पण मागचा झिजलेला टायर पुढे टाकून नवा मागे, ही काटकसर मुळीच करू नका, साइज सारखी असली तरी. मागचं चाक सरकलं तर सावरायला क्षणभर तरी मिळतो, पुढचं सरकलं की आपण थेट जमिनीवर. सेकंडहँड टायरच्या वाटेलाही जाऊ नका. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून विकतात. वरून नक्षी झक्कास, आणि खाली रबराचा थर उरलेला असतो अगदी पातळ.

बसवताना समोर उभे राहा. टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा बसला तर नक्षी पाणी बाहेर टाकायचं काम नीट करत नाही. आमचा पुढचा उलटाच बसवला होता. बहिणीने पकडला. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत आणि निसरडा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणं आणि ब्रेक बेताने.

आणि हवा! पंपावर ‘किती टाकू?’ असं विचारल्यावर ‘टाका तुम्हीच अंदाजाने’ म्हणणारी मीच होते. माझ्या गाडीला पुढे २२, मागे २९, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागे ३६ पीएसआय. म्हणजे त्या दिवशी बहीण मागे असताना ३६ हवी होती. किती होती, देव जाणे. तुमच्या गाडीचे आकडे तिच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतील. आठवड्यातून एकदा, टायर गार असताना बघा. लांबून गाडी चालवत आलात तर हवा तापून आकडा जास्त दाखवतो.

दोन टायर, दोन वॉल्व्ह आणि बसवण्याची मजुरी धरून मला साधारण तीन हजार दोनशे रुपये पडले. एक्स-रे, प्लास्टर आणि डॉक्टरांचे पैसे याच्या तिप्पट झाले होते. बहिणीने परीक्षा पुढच्या फेरीत दिली. मधले सहा आठवडे ती डाव्या हाताने वर्तुळं काढायचा प्रयत्न करत होती, आणि मी समोर बसून तिच्या पेन्सिलींना टोक करत होते.

निघताना काकांनी जुने टायर उचलून कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवले. ‘यांचं काय होतं?’ मी विचारलं. ‘भंगारवाला नेतो,’ ते म्हणाले. पुढे कुठे जातात, ते काही बोलले नाहीत. ४०१२ ची नक्षी अजून अख्खी होती, धुऊन पुसून काळं पॉलिश मारलं असतं तर कोणीही फसलं असतं. मी म्हटलं, ‘काका, याला कापून टाका ना.’ त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बहिणीच्या प्लास्टरकडे. मग पोराला हाक मारली आणि करवतीचं पातं मागवलं.