पुढून नाचणारी गाडी

"साठला लागली की पुढून नाचती," ड्रायव्हरमामा म्हणाले आणि अदृश्य स्टेअरिंग धरल्यासारख्या दोन्ही मुठी हवेत हलवून दाखवल्या. डावी-उजवी, डावी-उजवी, भराभर. मिस्त्री त्या मुठींकडे टक लावून बघत होते. मग स्वतःचा हात त्याच चालीवर हलवत त्यांनी विचारलं, "एवढ्याच जोरात? का याच्याहून सावकाश?"

"एवढ्याच."

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधल्या त्या शेडमध्ये या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. रात्री वहीत हिशेब मांडला तेव्हा कळलं. 10.00 आर 20 मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वातीन मीटर पुढे जातो. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला 16-17 मीटर कापते, म्हणजे चाकाचे सेकंदाला पाच फेरे होतात. मामांच्या मुठीही तितक्याच वेगाने हलत होत्या. प्रत्येक फेऱ्याला एक झटका बसत असेल, तर झटका देणारी वस्तू चाकाबरोबर फिरणारीच असणार. मिस्त्रींनी हा हिशेब कधी कागदावर मांडलेला नाही, तो त्यांच्या हाताला पाठ आहे.

माझे वडील 26 वर्षं ट्रक चालवत होते. अशी गाडी रात्रभर हाकून आले की सकाळी त्यांच्या हातात चहाची बशी वाजायची. त्यामुळे या दुखण्याकडे मला नुसतं लेखाचा विषय म्हणून बघता येत नाही.

गाडी दहा टायरी, पुढे एकच एक्सल. महिनाभरात तीन गॅरेज झाली होती. पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टायरॉडचे एंड दोनदा बदलले, अलाइनमेंट झाली, बॅलन्सिंग झालं. शेवटच्या ठिकाणी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रूच आवळून दिला. हा उपाय मला सगळ्यात घातक वाटतो. बॉक्स प्रमाणाबाहेर आवळला की स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. मूळ दुखणं तसंच राहतं, वर ड्रायव्हरचे खांदे भरून येतात. मिस्त्रींनी सगळ्यात आधी तो स्क्रू ठिकाणावर आणला.

मग चक्कर. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने देहूरोडच्या दिशेने निघालो, मी क्लीनरच्या जागेवर. 50 ला काही नाही, 60 लाही काही नाही. एका खडबडीत पट्ट्यावरून पुढची चाकं गेली मात्र, स्टेअरिंग मामांच्या हातात तडफडायला लागलं. केबिन हलली, आरसा धूसर झाला. रस्ता पुन्हा गुळगुळीत झाला तरी थरथर थांबेना. मामांनी वेग उतरवत 35 वर आणला तेव्हा कुठे गाडी शांत झाली. इंग्रजीत या थरथरीला शिमी म्हणतात, आणि तेही मुळात एका नाचाचं नाव. मामांना ते ठाऊक असायचं कारण नाही, पण गाडी नाचते हे त्यांनीही म्हटलंच होतं.

परतताना मिस्त्रींनी विचारलं, "मामा, हे चालू व्हायच्या आधी गाडीचं काय काय काम केलं होतं?"

"काम काही नाही."

"पंक्चर?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हां, हैदराबादला जाताना उमरग्याच्या पुढं निघालं होतं. उजवं. रात्री काढून घेतलं रस्त्यावरच."

शेडमध्ये आल्यावर मला वाटलं, आता जॅक लागेल. पण मिस्त्रींनी गाडी चाकांवरच उभी ठेवली, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि हाताखालच्या पोराला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं. स्वतः खाली शिरले. गाडीचा भार चाकांवर असतानाच सांध्यांवर खरा ताण येतो, उचललेल्या गाडीत ढिला सांधाही शहाण्यासारखा वागतो. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टायरॉडची दोन्ही टोकं, एकेका सांध्यावर तळवा ठेवून ते थांबत होते. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला भाग किंचित मागून हलला, तर तिथे खेळ आहे. मलाही हात लावायला दिला. नव्या टायरॉड एंडमध्ये काही जाणवलं नाही. महिनाभर सगळा आळ ज्याच्यावर होता तो सांधा ठणठणीत होता.

आता जॅक लागला. एक्सलखाली ठोकळे गेले. डावं चाक वरून आणि खालून धरून मिस्त्रींनी आत-बाहेर हलवलं. टायरची वरची कड पाव इंच तरी सरकली. हा खेळ दोन ठिकाणचा असू शकतो, हबच्या बेअरिंगमधला किंवा किंगपिनचा. किंगपिन म्हणजे बिजागरीतली सळई. मनगटाहून थोडी बारीक, वीतभर लांब पोलादी दांडी, जिच्याभोवती पुढचं चाक वळतं. बेअरिंग की किंगपिन, हे कळण्यासाठी मला वाटलं होतं चाक खोलावं लागेल. मिस्त्रींनी पोराला एवढंच सांगितलं, "ब्रेक दाब."

ब्रेक दाबला की ड्रम आणि स्टब एक्सल एकमेकांना जखडले जातात, बेअरिंगमधला खेळ तेवढ्यापुरता नाहीसा होतो. उरतो तो किंगपिनचा. पुन्हा चाक हलवलं. पाव इंच तसाच होता.

उजवीकडे किंगपिन बरी होती. तिथे त्यांनी टायरसमोर स्टँडवर लाकडाची पट्टी टेकवली, टायरपासून केसभर लांब, आणि चाक हाताने फिरवलं. खस्स. शांतता. पुन्हा खस्स. एका फेऱ्यात एकदाच. टायर गोल बसलेला नव्हता. रिमजवळ टायरच्या अंगावर एक बारीक उठावाची रेघ असते, ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. इथे एका बाजूला त्या फटीत करंगळीचं टोक बसत होतं, समोरच्या बाजूला नखही शिरेना. पंक्चर काढल्यावर टायरची कड रिमवर नीट बसलीच नव्हती. बॅलन्सिंगला हे का सापडलं नाही? कारण बॅलन्सिंगमध्ये शिशाचे तुकडे लावून वजनाची वाटणी सारखी करतात, आकार सरळ होत नाही. समतोल असलेलं चाकही वाकडं धावू शकतं.

डाव्या किंगपिनचा ढिलेपणा वर्षभराचा तरी असावा. पण त्याला ढकलणारं कुणी नव्हतं. उमरग्यापुढे उजव्या टायरच्या रूपाने ढकलणारा मिळाला.

टायर उतरवला, रिमची लॉक रिंग काढली, कडा घासून साबणाचं पाणी लावलं. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवलं. अशा रिमची लॉक रिंग हवेच्या दाबाने उडून माणसं मेली आहेत, आणि रस्त्याकडेच्या दुकानात पिंजरा क्वचितच दिसतो. हे मला राग येण्याइतकं चुकीचं वाटतं. पोराने पिंजऱ्यावर टेकून उभं राहायचा प्रयत्न केला तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा ओरडले.

पुन्हा चक्कर. तोच पट्टा, 60, मग 70. थरथर नाही. मामांचा चेहरा खुलला. "झालं की मिस्त्री! चाकणला माल भरायचाय, निघतो मी."

"नाही झालं," मिस्त्री म्हणाले. "थरथर गेली, किंगपिन तशीच आहे. उद्या टायर थोडा झिजला, परत ढकलायला लागला, की परत नाचणार. तेव्हा गाडी भरलेली असली तर?"

पुढच्या दोन चाकांच्या एक्सलवर 2018 पासून सात टनांपर्यंत भार चालतो. तो सगळा दोन्ही बाजूंच्या किंगपिनांच्या सांध्यांतून चाकांत उतरतो. मामांनी मालकांना फोन लावला. बोलणं लांबलं, आवाज चढला. शेवटी मामांनी फोन मिस्त्रींकडे दिला. मिस्त्री पैशांबद्दल काही बोलले नाहीत, ब्रेक दाबूनही चाक किती हलतं तेवढंच सांगितलं.

काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. जखडून धरणारा कॉटर काढून किंगपिन घणाने ठोकून बाहेर काढावी लागली. वरच्या ग्रीस निपलचं तोंड बुजलेलं होतं. दर सर्व्हिसला ग्रीस मारलं जात होतं, पण ते बाहेरच पसरत होतं. किंगपिनभोवतीचा बुश कोरडा पडून एका अंगाने कागदासारखा पातळ झाला होता. नवे बुश दाबून बसवले, मग वरच्या आणि खालच्या दोन्हींतून एका रेषेत भोक मापात आणणारा रीमर फिरवला. रीमर काढायचा, पिन घालून बघायची, पुन्हा रीमर. ही घाईची गोष्ट नाही, आणि मिस्त्रींनी ती घाईने केली नाही. शेवटी नव्या निपलमधून ग्रीस मारलं. सांध्याच्या वरून आणि खालून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप थांबला नाही. मामा वाकून बघत होते.

निघताना त्यांनी झिजलेला बुश मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवला. "शेठला दाखवतो," म्हणाले. मग परत खाली उतरले आणि पोराला विचारलं, "निपल कुठं कुठं हायत, दाव जरा मला सगळे."