आधी टीव्हीच्या मागे बघा

ओगलेवाडीच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका टीव्हीची बॅकलाइटची पट्टी बदलत बसलो होतो. "टीव्ही गेला रे," काकू म्हणाल्या. "मुलगा म्हणतोय, नवाच घेऊ. तू एकदा येऊन बघून जा, मग मी ठरवते."

गेलो. २०१७ सालचा ४० इंची टीव्ही. पॅनेलवर एक रेघ नाही, कोपऱ्यात काळपट डाग नाही, रंग जिथल्या तिथे. फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात दसऱ्याला लावलेलं हळदकुंकवाचं बोट अजून तसंच. केबलचं चित्र स्वच्छ येत होतं. बिघडलं होतं ते एवढंच, की दिवसा राहून गेलेली मालिका काकू रात्री ज्या ॲपवर बघायच्या, ते ॲप उघडत नव्हतं. 'या टीव्हीवर आता चालणार नाही' अशी पाटी यायची. यूट्यूब उघडायचं, पण फार वेळ घ्यायचं.

१९९६ पासून मी कराडात टीव्ही दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूबच्या काळात टीव्ही गेला म्हणजे खरोखरच गेलेला असायचा. फ्लायबॅक जळायचा, नाहीतर ट्यूब थकायची. स्मार्ट टीव्हीत मात्र दोन वेगळ्या वस्तू एकाच खोक्यात बसवलेल्या असतात. एक पडदा आणि दुसरा त्याच्या पोटातला छोटा संगणक. पडदा दहा-बारा वर्षं सहज काढतो. संगणक चार-पाच वर्षांतच मागे पडतो, कारण ॲप दरवर्षी जड होत जातात आणि कंपनी जुन्या मॉडेलला अपडेट देणं थांबवते. काकूंचं तेच झालं होतं. पडदा धडधाकट होता आणि संगणक दमला होता. पंचवीस-तीस हजारांचा नवा टीव्ही आणून हा भंगारात घालायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. चांगलं पॅनेल भंगारवाल्याच्या हातगाडीवर उलटं पडलेलं दिसलं की दिवसभर चुटपुट लागते.

यावर उपाय म्हणजे स्टिक. बोटाएवढा, नाहीतर तळहाताएवढा संगणक. तो टीव्हीच्या मागच्या एचडीएमआयच्या खाचेत बसवायचा. मग टीव्ही नुसता पडदा होतो आणि बाकी सगळं काम स्टिक करते. २०१३ मध्ये गूगलने ३५ डॉलरला क्रोमकास्ट आणलं तेव्हापासून ही वस्तू लोकांना माहीत झाली. आपल्याकडे ते २०१४ च्या अखेरीस २,९९९ रुपयांना आलं. त्याला रिमोटच नव्हता, मोबाइलवरून चालवायचं. २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना आली, तिला रिमोट होता, आणि मला वाटतं आपल्या घराघरांत या वस्तूला जागा मिळाली ती रिमोटमुळे. आज फायर टीव्ही आहे, शाओमीसारख्यांच्या गूगलवर चालणाऱ्या स्टिक आहेत, ॲपलचा डबा आहे, ब्रॉडबँडवाले देतात तो सेट टॉप बॉक्स आहे आणि डिशच्या छत्रीवाल्यांचे चॅनेल आणि ॲप ही दोन्ही कामं करणारे डबेही आहेत.

गिऱ्हाईक मला विचारतं, "यातली बेस्ट कुठली?" मी म्हणतो, आधी टीव्हीच्या मागे बॅटरी मारून बघा.

तिथे एचडीएमआय लिहिलेली चपटी खाच दिसली की निम्मं काम झालं. ही खाच २००२ च्या शेवटी ठरलेली आहे, त्यामुळे गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक टीव्हींना ती असतेच. नुसत्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल गोल खाचा असतील तर मधे कन्व्हर्टर लावावा लागतो. त्यावर यूट्यूब दिसेल, पण पैसे भरून बघायच्या ॲपवर काळा पडदा येण्याची भीती असते, कारण चोरी होऊ नये म्हणून एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राला कुलूप असतं आणि कन्व्हर्टरकडे त्याची किल्ली नसते. तसल्या टीव्हीवर मी स्टिकचा खर्च करायला सांगत नाही.

मग येते वीज. याच गोष्टीवर मला सगळ्यात जास्त फोन येतात. काकूंच्या भाच्याने स्टिक आणली, हौसेने स्वतःच बसवली आणि चौथ्या दिवशी काकूंचा फोन: "मालिका रंगात आली की ते यंत्र बंद पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं." मी जाऊन टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचलेली. अडॅप्टर खोक्यात, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. टीव्हीची साधी यूएसबी खाच अर्धा अँपिअर देते. स्टिकच्या अडॅप्टरवर बघितलं तर ५ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे दुप्पट. नुसता मेनू चालू असताना अर्ध्यात भागतं, पण एचडी चित्र सुरू झालं की भूक वाढते, वीज पुरत नाही आणि स्टिक झोपते. भिंतीवरच्या बोर्डात अडॅप्टर लावला आणि तो त्रास गेला. पूर्वी मोबाइलबरोबर आलेले जुने चार्जरही लोक लावतात. ते लावू नका. खोक्यातला अडॅप्टर त्या स्टिकसाठीच दिलेला असतो.

तरीही चित्र मधे मधे अडकत होतं. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही माजघरात, आणि मधे जुन्या घराची हातभर जाडीची दगडी भिंत. राउटरची दोन नावं दिसत होती, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी. भाच्याने ५जीवालं निवडलेलं. इथे फार लोक फसतात. या ५जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. हे ५ गिगाहर्ट्झ. त्याला वेग जास्त, पण भिंतीतून जायची ताकद कमी. साधं नाव म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. त्याचा वेग कमी, पण ते भिंत भेदून जातं. काकूंच्या घरात साधंच बरं. शिवाय खोक्यात वीतभर एचडीएमआयची एक वायर मिळते. ती मधे लावून मी स्टिक टीव्हीच्या आडून बाहेर लोंबती ठेवली. पॅनेलच्या मागे पत्र्याला चिकटून असली की तिला वायफाय नीट मिळत नाही आणि ती तापतेही.

वेग किती लागतो? नेटफ्लिक्सचा स्वतःचा आकडा आहे: फुल एचडीला ५ एमबीपीएस, ४के साठी १५. घरी ३०-४० चं ब्रॉडबँड असेल तर काळजी नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर मात्र हिशेब करा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज असेल तर एक सिनेमासुद्धा पुरा होणार नाही. सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा उतरवून ठेवला तर तासाला १ जीबीत भागतं आणि ३२ इंची टीव्हीवर त्याने डोळ्याला फारसं खटकतही नाही.

स्टिक घेण्याआधी आणखी एक चौकशी करा, नाहीतर पैसे वाया जातात. रिचार्जबरोबर ॲप फुकट मिळालं म्हणून लोक स्टिक आणतात आणि मग कळतं, की तो प्लॅन फक्त मोबाइलचा आहे. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन मोबाइल आणि टॅबपुरताच आहे, तो टीव्हीवर उघडतच नाही. जिओहॉटस्टारचाही मोबाइलपुरता वेगळा प्लॅन आहे. तुमच्या घरात जे ॲप खरोखर बघितलं जातं, त्याचा टीव्हीवर चालणारा प्लॅन वर्षाला केवढ्याला पडतो ते आधी विचारा. स्टिकचा खर्च एकदाच होतो, वर्गणी दरवर्षी भरावी लागते.

काकूंना पैसे भरून बघायचं फार नव्हतं. त्यांना जुनं दूरदर्शन हवं होतं. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला, वेव्हज नावाचं ॲप सुरू केलं, त्यात दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आहेत. ते लावून दिलं तेव्हा काकू खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि चहा ठेवायचं विसरल्या.

आता मेमरी. खोक्यावर ४के हा शब्द मोठा लिहिलेला असतो. तुमचा टीव्ही एचडी रेडी असेल, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, तर ४के चे ३८४० बाय २१६० ठिपके तो दाखवणार कुठे? पण तेवढ्यावरून ४के स्टिक नको असंही म्हणू नका. त्यातल्या काहींत रॅम २ जीबी असते, साध्या स्टिकमध्ये १ जीबी. ही दुप्पट रॅम जुन्या टीव्हीलाही उपयोगी पडते, कारण दोन वर्षांनी ॲप जड झाले की १ जीबीवाली स्टिक रांगायला लागते. मात्र ४के लिहिलेल्या सगळ्याच स्टिकमध्ये २ जीबी नसते, म्हणून खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. हजारभर रुपये जास्त गेले तरी मी २ जीबीचीच घ्यायला सांगतो. आत ॲप ठेवायची जागा बहुतेकांत ८ जीबी असते, तेव्हा न लागणारे ॲप काढत राहावे.

ॲपलच्या डब्याचं विचाराल तर वस्तू उत्तम आहे, वेगात त्याला तोड नाही. २०२२ मध्ये तो १४,९०० रुपयांना आला. घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तर जरूर घ्या. काकूंच्या टीव्हीसाठी मी तो सांगणार नाही.

बाजारात आणखी एक डबा मिळतो, आणि तो घेऊ नका असं मी हात जोडून सांगतो. काळा, बिननावाचा, नाहीतर कधी न ऐकलेल्या नावाचा. 'सगळे चॅनेल, सगळे सिनेमे, आयुष्यभर फुकट.' त्यात अँड्रॉइड असतं, पण गूगलचा परवाना नसतो. तो नसला की पैसे भरलेल्या ॲपचं चित्रही बहुधा धुरकट येतं, कारण चांगलं चित्र उघडायची परवानगी त्या डब्याला मिळत नाही. पण खरी भीती वेगळीच आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा डब्यांबद्दल जाहीर इशारा दिला. कारखान्यातूनच, नाहीतर पहिल्यांदा चालू करताना त्यात लबाड सॉफ्टवेअर शिरतं आणि तुमचं इंटरनेट वापरून दुसऱ्यांचे काळे धंदे चालतात. या जाळ्याचं नाव बॅडबॉक्स २.०. पुढच्याच महिन्यात गूगलने ते चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा जाळ्यात सापडलेली उपकरणं १ कोटीहून जास्त असल्याचं सांगितलं.

मलकापूरच्या एका घरी मला बोलावलं होतं ते नेट हळू चालतं म्हणून. टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल मी बंद करायला लावले, आणि तरी राउटरचा हिरवा दिवा थांबायला तयार नाही, लुकलुकतोच आहे. टीव्हीच्या मागे असाच एक डबा होता. त्याची पिन काढली तसा दिवा शांत झाला. त्याच वायफायवर त्या घरातला मुलगा बँकेचे व्यवहार करायचा. गूगलने परवाना दिलेल्या कंपन्यांची यादी अँड्रॉइड टीव्हीच्या संकेतस्थळावर आहे, घेण्याआधी तिच्यात कंपनीचं नाव बघा.

चांगल्या नावाची वस्तूसुद्धा कंपनीच्या जिवावर चालते, हेही सांगायला हवं. मार्च २०२५ मध्ये २०१५ सालची क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी अडून बसली, कारण आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने अपडेट पाठवून ती पुन्हा चालू केली, पण क्रोमकास्ट बनवणं कंपनीने २०२४ मध्येच थांबवलं आहे. तेव्हा दुकानात जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. मॉडेल कुठल्या साली आलं ते विचारा.

शेवटी रिमोट. काकूंच्या हातात तीन रिमोट होते: टीव्हीचा, केबलचा आणि स्टिकचा. तरुणांना हे काहीच वाटत नाही. सत्तरीच्या बाईकडून चुकीचं बटण दाबलं गेलं की निळा पडदा येतो, आणि मग मुलाचा फोन येईपर्यंत ती तशीच बसून राहते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय असते. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटवर टीव्ही चालू होतो आणि आपोआप योग्य खाचेवर येतो. ज्यांना सह्याद्री आणि मराठी मालिका वेळच्या वेळीच बघायच्या असतात आणि ॲप कधीतरी, त्यांना मी छत्रीवाल्याचा, नाहीतर ब्रॉडबँडवाल्याचा एकत्र डबाच सुचवतो. चॅनेल आणि ॲप एकाच रिमोटवर मिळतात. त्यांच्या डब्यातले ॲप थोडे हळू उघडले तरी चालेल.

काकूंची सीईसी मी चालू केली, टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवायला सांगितला आणि स्टिकच्या रिमोटवर घराचं चित्र असलेल्या बटणाशेजारी लाल टिकली चिकटवली. काही चुकलं तर हेच दाबायचं.

आठवड्याने पुन्हा फोन. मी म्हटलं, काकू, काय बिघडलं? "काही नाही रे. साताऱ्याच्या बहिणीचाही टीव्ही असाच हळू झालाय. तिच्या टीव्हीच्या मागचा फोटो पाठवलाय, त्याला ते भोक आहे का बघ." फोटो उघडला. कोळिष्टकं, धूळ, आणि मधे एचडीएमआयच्या दोन खाचा.

"आहे," म्हटलं. "पण अडॅप्टर बोर्डातच लावायला सांगा."