बार्सिलोनाचं पत्र : जोडीनं खेळणाऱ्यांचा देश

बार्सिलोना : स्पेनचं टेनिस म्हटलं की भडगावात काय किंवा पुण्यात काय, नदाल आणि अल्काराझ हीच नावं निघतात. या पत्रात मात्र मार्सेल ग्रॅनोलर्सविषयी लिहितो. आपल्याकडच्या टेनिस खेळणाऱ्या मुलांना त्याच्याकडून घेण्यासारखं अधिक आहे.

१९८६ मध्ये याच शहरात जन्मलेला ग्रॅनोलर्स एकेरीतही पक्का होता. चार विजेतेपदं आणि २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत एकोणिसावं स्थान, ही त्याची एकेरीतली कमाई. त्याच वर्षी लंडनच्या मोसमाअखेरच्या स्पर्धेत त्यानं मार्क लोपेझबरोबर दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात हरले ते आपले महेश भूपती आणि रोहन बोपण्णा.

पण ग्रँड स्लॅम हुलकावणी देत राहिलं. २०१४ मध्ये लोपेझसह पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या, पुढे अर्जेंटिनाच्या ओरासिओ झेबायोससह २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या, २०२१ आणि २०२३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तो हरला. २०२४ मध्ये तो दुहेरीत जगात पहिला झाला, तेव्हाही ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर नव्हतं. अखेर जून २०२५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यानं झेबायोससह पॅरिस जिंकलं आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कही.

हा चिवटपणा इथल्या मैदानात मुरलेला आहे. विटांचा बारीक भुगा पसरलेल्या तांबड्या कोर्टवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो. एका फटक्यात गुण मिळणं अवघड, म्हणून पोरं लहानपणापासून धीर धरायला शिकतात. बार्सिलोनाचा रिअल टेनिस क्लब १८९९ पासून उभा आहे आणि १९५३ पासून इथे मोठी स्पर्धा भरते. याच चिवटपणाचं जुनं उदाहरण म्हणजे १९६६ मध्ये विम्बल्डन जिंकणारा मानोलो सांताना; तो माद्रिदच्या एका क्लबात चेंडू वेचणारा मुलगा होता.

दुहेरीची परंपराही जुनी आहे. एमिलिओ सांचेझ आणि सर्जिओ कासाल यांनी १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवलं, नदाल आणि लोपेझ यांनी २०१६ मध्ये रिओत सुवर्ण. माद्रिदच्या व्हर्जिनिया रुआनो पास्कुआलनं तर महिला दुहेरीत दहा ग्रँड स्लॅम जिंकली. एकेरीत जमलं नाही म्हणून धरायची वाट, असं दुहेरीला मानणाऱ्यांनी ही यादी वाचावी. जोडीदाराची चाल ओळखणं, नेटजवळची व्हॉली, दोघांमधली मोकळी जागा राखणं, हे स्वतंत्र कसब आहे. ग्रॅनोलर्स उजव्या हातानं खेळतो आणि झेबायोस डाव्या, त्यामुळे दोघं आळीपाळीनं सर्व्हिस गेम घेतात तेव्हा प्रतिस्पर्ध्याला प्रत्येकाचा वेगळा फिरणारा चेंडू परतवावा लागतो.

महाराष्ट्रालाही हे कसब नवं नाही. गौरव नाटेकरनं लिअँडर पेससह १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. २०२३ मध्ये हांगझोऊला ऋतुजा भोसलेनं बोपण्णाबरोबर पहिला सेट गमावूनही मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं.

म्हणून भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या शाळांना माझी कळकळीची विनंती. तांबड्या कोर्टला रोज पाणी लागतं. खानदेशच्या उन्हाळ्यात ते परवडणार नाही. सिमेंटचं एक साधं कोर्ट मात्र जमण्यासारखं आहे. एकेरीला त्यावर दोघं खेळतात, दुहेरीला चौघं. जिथे कोर्ट एकच आणि मुलं पुष्कळ, तिथे सुरुवात दुहेरीनंच करावी.